भिंगरीची दुसरी फेरी

गेल्या वर्षीच्या वेगचाचणीत दातवालीने ताशी एकशेएकतीस किलोमीटरचा वेग काढला आणि बोट क्लबाने तो खोटा ठरवला. ठरवणारा कोणी परका नव्हता. तिचा सख्खा धाकटा दीरच क्लबाचा अध्यक्ष होता.

दातवाली हे तिचं क्लबातलं नाव. ती दातांची डॉक्टर. पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, पण मनगटं अक्कलदाढा उपटून उपटून कमावलेली. आठवडाभर लोकांना 'आ करा' म्हणायचं आणि सुट्टीच्या दिवशी तलावावर जाऊन भिंगरी पाण्यात सोडायची, हा तिचा वीस-बावीस वर्षांचा शिरस्ता. भिंगरी म्हणजे तिची बोट. लांबट, चपटी, लाल रंग उन्हाने गुलाबी झालेला, आणि मागच्या फळीवर बोटीच्या मानाने जरा जास्तच दांडगं इंजिन.

गंमत म्हणजे तिला बोट शिकवली होती याच दिराने. ती लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याने नुकतंच चष्म्याचं दुकान टाकलं होतं. त्याला पाण्याची एवढी धास्ती की दीर म्हणायचा, "दादा आंघोळसुद्धा दाराबाहेर उभं राहून करतो." नव्या वहिनीला घेऊन तलावावर जायला नवरा कधी तयार नसायचा, म्हणून दीर न्यायचा. "वहिनी, घाबरू नका, चाक घट्ट धरा," म्हणत त्याने तिच्या हातात बोट दिली आणि ती तिच्याच हातात राहिली. पुढे दीर तलावावरचा सगळ्यात वेगवान माणूस झाला. त्याचा ताशी एकशेसव्वीसचा आकडा क्लबाच्या फळ्यावर वर्षानुवर्षं सगळ्यांच्या वर होता. रविवारी तो भावाकडे जेवायला यायचा आणि दोघं दीर-भावजय जेवणाच्या ताटांवरून इंजिनांच्या गोष्टी करायची. नवरा मध्ये बसून दोघांना वाढायचा.

गेल्या वर्षी ती त्याच्या पुढे गेली. त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर तिचे दोन्ही हात हातात घेतले, हसला, "शिष्या कोणाची!" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने बैठक बोलावली. म्हणाला, वेळ मोजणारं यंत्र बिघडलं असणार. भर दुपारी वारा सुटलेला, पाणी खडबडीत, अशा पाण्यावर एवढा वेग निघेलच कसा? सपाट पाण्यावर मला जो निघत नाही तो खडबडीत पाण्यावर वहिनींना निघाला? कुणालाही विचारा. त्याने विचारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आकडा फळ्यावर लागलाच नाही. रविवारची ताटं दोनच झाली. वर्षभर दीर तिला अक्षरशः पाण्यात पाहत होता.

नवरा या सगळ्यात मूग गिळून बसला. "सोडून दे ना," एवढंच म्हणायचा. "एका आकड्यासाठी घर कशाला फोडायचं?"

"घर मी फोडलं?" ती विचारायची. मग तो चष्मा पुसायला घ्यायचा.

यंदा चाचणीच्या तीन दिवस आधी दिराचा फोन आला. वर्षभरातला पहिलाच.

"वहिनी, तुमच्यासाठी सकाळची पहिली वेळ ठेवली आहे. पाणी अगदी आरशासारखं असेल. कुणाला बोलायला जागा नको."

"माझी वेळ दुपारची असते, भाऊजी."

"दुपारी पाणी बिघडतं. मी तुमच्या भल्यासाठीच करतोय."

तिने फोन ठेवला. बघणाऱ्याला वाटलं असतं, चांगलीच सोय केली माणसाने. पण तिला तेच डाचत होतं. कारण आरशासारखं पाणी वेगाला चांगलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला ते ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच तिला कळत नव्हतं.

रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या दुकानात दोन ओल्या काचा एकमेकींवर पडल्या तर काय होतं?"

"चिकटतात. सुटता सुटत नाहीत."

"आणि एक काच खडबडीत असली तर?"

"मग हवा शिरते. सहज सुटते."

"बोटीचं बूडही तसंच. पाणी गुळगुळीत असलं की ते बुडाला चिकटून बसतं, मागे ओढतं. थोड्या लहरी असल्या की खालून हवा शिरते आणि बोट मोकळी होते. फार लाटा नकोत, त्यात बोट आपटत राहते. नुसता शहारा हवा."

नवऱ्याने घास तसाच हातात धरला. "हे तू त्याला का नाही सांगत?"

"सांगितलं होतं. सगळ्यांसमोर. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही दातांचं बघा."

पुढचे दोन दिवस दवाखाना आटोपला की ती मागच्या शेडमध्ये असायची. तिच्याकडे तीन प्रोपेलर होते, ती त्यांना पंखेच म्हणायची. एका फेऱ्यात पंखा पाण्यातून किती पुढे सरकेल, हे त्याच्या पात्यांच्या पिळावर ठरतं. जास्त पिळाचा पंखा एका फेऱ्यात लांब ढांग टाकतो, पण त्याला फिरवायला इंजिनाला जोर फार लागतो. बोट पाण्याला चिकटलेली असली तर ते बिचारं धापा टाकतं. कमी पिळाचा पंखा छोट्या ढांगा टाकतो, पण भराभर. गेल्या वर्षी तिने जास्त पिळाचा पंखा लावला होता. त्याच्या पात्यांच्या कडा तिने स्वतः कानशीने घासून पातळ केल्या होत्या, आणि शेवटाला ओठासारखी किंचित मुरड दिली होती, म्हणजे पाण्यात हवा मिसळलेली असली तरी पातं पाणी सोडत नाही. इंजिनही फळीवर वर चढवलं होतं, इतकं की पळताना पंखा अर्धा पाण्याबाहेरच असायचा. जितकं लोखंड पाण्यात कमी, तितकी ओढ कमी.

सकाळच्या सपाट पाण्याला तो पंखा चालणार नव्हता. तिने नाइलाजाने कमी पिळाचा पंखा चढवला आणि जास्त पिळाचा एका जुन्या टॉवेलात गुंडाळून गाडीत मागे ठेवला.

चाचणीच्या सकाळी तलाव खरोखर आरशासारखा होता. पलीकडची झाडं पाण्यात उलटी उभी. धक्क्यावर जमलेले लोक तिला म्हणत होते, "नशीब काढलंत! असं पाणी मिळायला भाग्य लागतं."

"लागतं खरं," ती म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

पाण्यावर तरंगत्या नारिंगी बोयांच्या दोन जोड्या, त्यांच्यामधून एकदा जायचं आणि एकदा यायचं, दोन्हींची सरासरी धरायची, ही एक फेरी. भिंगरी सुटली. हवा गार होती, इंजिन छान बोलत होतं, आणि तरीही तिला पहिल्याच क्षणी कळलं. बोट पळत होती पण सुटत नव्हती. तिने इंजिनाचा कोन बदलून नाक वर घेतलं, अजून घेतलं, नाक डोलायला लागलं तरी बूड पाण्याला धरूनच. कुणीतरी मागून पदर धरून ठेवावा तसं. पंखा त्याला फिरता येईल तेवढा फिरत होता. जाऊन आली.

एकशेएकोणीस.

धक्क्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लोकांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं जशा नजरेने ती स्वतः दवाखान्यात दात पडलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहायची. दीर पुढे आला. आवाज मऊ.

"वाईट वाटून घेऊ नका, वहिनी. एवढ्या चांगल्या पाण्यावर एकशेएकोणीस. म्हणजे गेल्या वर्षीचं काय ते सगळ्यांना कळलं. आता तो विषय संपवू."

"माझी दुसरी फेरी राहिली आहे."

"घ्या ना. आत्ताच घ्या, पाणी छान आहे."

"आत्ता नाही. वारा सुटल्यावर."

"असं कसं? पुढच्या बोटी थांबल्या आहेत."

"त्यांना सोडा. मी कुठे अडवलंय? संध्याकाळी क्लबाचा झेंडा उतरेपर्यंत दोन फेऱ्या प्रत्येकाच्या. तुम्ही स्वतः एके वर्षी घरी जाऊन जेवलात, झोपलात, आणि मग येऊन दुसरी फेरी घेतलीत. मीच उठवायला आले होते."

आता मात्र दोघं-तिघं हसले. दिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वहिनी, हा हट्ट आहे."

"आहेच."

ती धक्क्याच्या टोकाला जाऊन बसली. हेल्मेट मांडीवर, तरंगायचं जाकीट अंगात तसंच. ऊन चढलं. एकेक बोट सुटत होती, परत येत होती. एकालाही एकशेवीस गाठता आलं नाही. लोक म्हणाले, यंदा सगळ्यांचीच इंजिनं जरा मंद दिसतात. कुणी चहा आणून दिला, कुणी टोपी आणून दिली, एकाने येऊन सांगितलं की मोठ्या मनाने माघार घेण्यातही शोभा असते. तिने चहा घेतला, टोपी घातली आणि त्या माणसाला विचारलं, "डावीकडची दाढ अजून दुखते का हो?" तो गाल धरून निघून गेला.

दुपार झाली तेव्हा नवरा आला. दुकान बंद करून, बुटा-मोज्यांत. त्याने दुरूनच भावाला पाहिलं, बायकोला पाहिलं, आणि इतकी वर्षं जिथे तो कधीच आला नव्हता त्या धक्क्याच्या टोकापर्यंत फळ्यांच्या अगदी मधोमधून चालत आला.

"किती आला?"

"एकशेएकोणीस."

"मग घरी जायचं?"

"नाही."

तो तिच्याशेजारी बसला नाही, कारण तिथे पाय पाण्यावर सोडावे लागत होते. पण गेलाही नाही.

थोड्या वेळाने पलीकडच्या झाडांचे शेंडे हलले. उलटी झाडं आधी थरथरली, मग मोडली, मग दिसेनाशी झाली. वाऱ्याची एक पट्टी पाण्यावरून सरकत आली आणि तिच्यामागून दुसरी. पण आधीच्या बोटींच्या लाटा काठाला आपटून परत येत होत्या, त्यात सगळा गोंधळ माजला होता. तिने त्या निवायची वाट पाहिली. त्या निवल्या आणि तलावभर नुसत्या बारीक, एकसारख्या लहरी राहिल्या. थंडीत हातावर येतो तसा शहारा.

ती उठली. "अहो, गाडीतला टॉवेल आणा. आतल्या सामानासकट. आणि बूट काढा."

"बूट का?"

"पंखा बदलायचा आहे. उताराशी, पाण्यात उभं राहून. मला एकटीला जमणार नाही."

तिथे मदतीला दहा माणसं होती, तिने हाक मारली असती तर कुणीही आलं असतं. पण तिने त्यालाच सांगितलं. त्याने एकदा भावाकडे पाहिलं. मग बूट काढले, मोजे नीट गुंडाळून बुटांत कोंबले, पँट वर दुमडली, आणि पाण्यात शिरला. पाणी आधी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. दुमडलेल्या पँटचा काही उपयोग झाला नाही. त्याने डोळे मिटले होते.

"डोळे उघडा, नाहीतर हाताची बोटं कापून घ्याल. हा लाकडी ठोकळा पात्याखाली अडकवून धरा, म्हणजे पंखा फिरायचा नाही. मी नट सैल करते."

"धरला."

"नीट."

"अगं नीटच धरलाय! माझ्या पायाला काहीतरी लागतंय."

"मासा असेल."

"मासा!"

"तो तुम्हालाच घाबरलाय. ठोकळा सोडू नका."

नट निघाला, जुना पंखा उतरला, टॉवेलातला चढला. तिने नट आवळला, खीळ घातली, तिची टोकं वाकवली. नवरा ओठ दाबून उभा होता, चष्म्यावर पाण्याचे थेंब, आणि पुसायला हात मोकळा नाही.

तेवढ्यात दीर काठाशी आला. या वेळी त्याचा आवाज मऊ नव्हता.

"वहिनी, वारा वाढतोय. परत येताना वारा तोंडावर असेल. नाकाखाली वारा शिरला तर बोट उलटेल. मी परवानगी देत नाही."

"भिऊन सांगताय की अध्यक्ष म्हणून सांगताय?"

त्याने पाण्यातल्या भावाकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोन्ही."

"भिऊन सांगत असाल तर मी जपून चालवीन. अध्यक्ष म्हणून सांगत असाल तर बाजूला व्हा."

आणि कमरेइतक्या पाण्यातून नवरा पहिल्यांदाच भावाला बोलला. "बाजूला हो रे. जाऊ दे तिला."

दीर बाजूला झाला.

भिंगरी सुटली तेव्हा पहिले शंभर हात ती जडच होती. मोठ्या पिळाचा पंखा, इंजिन घुमत घुमत वर चढत होतं. मग तिने नाक वर घेतलं आणि ते झालं. बुडाखालून टकटक टकटक सुरू झाली, बारीक, भराभर, शिवणयंत्रासारखी. पाणी सुटलं. चाक हातात हलकं झालं, इंजिनाचा आवाज वरच्या पट्टीत गेला आणि तिथे टिकला. ढांग लांब आणि फेरे पूर्ण. पहिले बोये आले कधी आणि गेले कधी. ती हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडत होती. काय ओरडत होती ते सांगण्यासारखं नाही, पण त्यात दिराचा उल्लेख होता.

लांब वळण घेऊन ती परत फिरली. आता वारा तोंडावर. तिने जपून चालवायचं कबूल केलं होतं, पण किती जपून ते ठरलं नव्हतं. बोयांच्या मधोमध एक सणसणीत झोत आला आणि नाक उचललं गेलं. वर, अजून वर. समोरचं पाणी दिसेनासं झालं, नुसतं आभाळ. पंख्याने हवेत एक किंकाळी फोडली. तिने अंगठ्याखालच्या बटणाने इंजिनाचा कोन बदलून नाक तसूभर खाली घेतलं. गती सोडली नाही. सोडली असती तर नाक आपटलं असतं, खाली घेतलं नसतं तर उलटली असती. भिंगरी क्षणभर विचारात पडल्यासारखी लटकली आणि मग खाली आली, बुडावर, सरळ. टकटक पुन्हा सुरू झाली. शेवटचे बोये मागे गेले.

काठावर आल्यावर तिने इंजिन बंद केलं. आकडा येईपर्यंत ती बोटीतच बसून राहिली.

एकशेएकोणतीस.

धक्क्यावर एकच कल्ला झाला. दिराच्या आकड्यापेक्षा तीनने जास्त, आणि खडबडीत पाण्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, यंदाच आणलेल्या कोऱ्या यंत्रावर. दीर पुढे आला. चेहरा उतरलेला, पण सावरून म्हणाला, "अभिनंदन, वहिनी. फळ्यावर तुमचं नाव वर जाईल. एकशेएकोणतीस. आणि गेल्या वर्षीचं, ते एकशेएकतीस, ते राहू दे. एवढं करूनही तुम्हाला एकशेएकोणतीसच निघाला, म्हणजे तेव्हाच्या यंत्रात गडबड होतीच थोडीफार. तडजोड करू."

लोकांना ते पटलं. किती समजूतदारपणा! दातवालीने हेल्मेट काढलं.

"गेल्या वर्षीचा वारा वेगळा, आजचा वेगळा. आज मी मधे नाक खाली घेतलं, नाहीतर आत्ता तळाशी असते. दोन्ही आकडे माझे आहेत, भाऊजी. लावायचे तर दोन्ही लावा."

"आणि नाही लावले तर?"

"मग एकही नको. मी खोटी होते असं मान्य करून मिळणारं नाव मला नको."

"वहिनी, अख्खा क्लब टाळ्या वाजवतोय, आणि तुम्ही—"

"वाजवू दे. गेल्या वर्षी याच हातांनी माना डोलावल्या होत्या." मग तिच्याच लक्षात आलं की हातांनी माना डोलावत नाहीत. पण मागे घ्यायची वेळ नव्हती. तिने भिंगरी गाडीला जोडली, ओल्या नवऱ्याला शेजारी बसवलं आणि निघून गेली. फळ्यावर त्या दिवशी काहीच लागलं नाही.

संध्याकाळी दारावर थाप पडली. नवऱ्याने दार उघडलं, तर भाऊ उभा. वर्षभराने. आत ये म्हणावं की नाही, हे नवऱ्याला कळेना, म्हणून त्याने मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती टेबलाशी बसली होती, मनगटाला पट्टी बांधत.

"यायचं तर या," ती म्हणाली.

दीर आत आला, पण बसला नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"यंत्र ठीक होतं. गेल्या वर्षी तुम्ही सगळे गेल्यावर मी माझी बोट त्याच यंत्रावर पळवून पाहिली. दोनदा. बरोबर होतं. त्या पाण्यावर माझीही बोट नेहमीपेक्षा वेगात गेली, पण एकशेअठ्ठावीसच्या वर जाईना. मी पंखा बदलला, तरी जाईना." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी तुम्हाला शिकवलं होतं, वहिनी. मला ते सहन झालं नाही."

"आणि यंदाची सकाळची वेळ?"

त्याने मान खाली घातली. एवढं पुरेसं होतं.

नवरा खुर्चीत बसला, मग उठला. "एवढं वर्ष," तो भावाला म्हणाला, "मी हिलाच सोडून दे सोडून दे म्हणत होतो. तुला एकदाही काही बोललो नाही."

दातवालीचा राग कमी झाला नाही. उलट आता त्याला नेमकी जागा मिळाली. ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, हे मला इथे सांगू नका. इथे मला कुणी खोटी म्हटलं नव्हतं. जिथे म्हटलं तिथे सांगा."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. तोवर तुमचं ताट या घरात मांडलं जाणार नाही. मला त्याचं दुःख आहे, खरंच आहे. पण मांडणार नाही."

तो गेला. आठवडाभर काहीच झालं नाही. नवरा दोनदा फोनकडे गेला आणि परत आला. तिने विचारलं नाही. भिंगरीच्या बुडाला नवा रंग लावायला घेतला होता, लालच.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी क्लबाची सभा होती. दातवाली आणि तिचा नवरा मागच्या ओळीत बसले. हिशेब झाले, नव्या बोयांची चर्चा झाली, धक्क्याच्या सडलेल्या फळ्यांवरून वाद झाला. सभा संपत आली आणि लोक खुर्च्या सरकवायला लागले, तेव्हा दीर उठला. हातातल्या किल्ल्यांकडे बघत, ओठांतल्या ओठांत, एका दमात म्हणून गेला की गेल्या वर्षीच्या यंत्रात काही बिघाड नव्हता, तो आकडा खरा होता, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. आणि लगेच बसायला लागला.

पुढच्या दोन ओळींतले लोक सरकवलेल्या खुर्च्यांवर परत बसले. मागचे लोक एकमेकांना विचारू लागले, काय म्हणाला?

दातवाली उभी राहिली.

"मागे ऐकू आलं नाही, भाऊजी," ती म्हणाली. "पुन्हा सांगा. जरा मोठ्याने."